नवी गाडी, पहिला किल्ला: पन्हाळ्याला स्वतःची गाडी घेऊन जाताना

गाडी दारात आली की घरातून पहिला प्रश्न येतो, "कुठं जायचं?" देवदर्शन उरकलं की पुढचं उत्तर बऱ्याच घरांत गड-किल्ल्यांचं असतं. त्यातही जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाखाली बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून हा उत्साह वाढलाय. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. हा लेख त्यांपैकी पन्हाळ्याचा आहे. गाडी शोरूममधून आलेली असो की सेकंड हँड, घाट आणि गर्दी दोन्हींची सवय नसलेल्यांसाठी तो लिहिलाय. इतिहास ओघात येईलच, पण मुख्य विषय चार चाकांचा.

## १. किल्ला नावावरून नाही, रस्त्यावरून निवडा

किल्ले बांधले तेच मुळी कुणाला सहज वर येता येऊ नये म्हणून. त्यामुळे 'गाडीनं किल्ला' म्हणजे बहुतेक ठिकाणी 'गाडीनं पायथा' एवढंच असतं. रायगडाला गाडी पाचाडला किंवा रोपवेच्या पायथ्याला थांबते, पुढं पायऱ्या किंवा पाळणा. राजगडाला गुंजवणे किंवा पाली गावात गाडी सोडायची आणि दमछाक करणारी चढाई करायची. सिंधुदुर्गला गाडी मालवणात ठेवून होडी पकडायची. लोहगडवाडीचा चढ नवख्या हाताला नको वाटेल असा उभा आहे. प्रतापगडाला गाडी बरीच वर जाते, पण त्यासाठी आंबेनळी घाटाशी आधी ओळख हवी.

पन्हाळा यात वेगळा आहे. वर नगरपरिषदेचं वसलेलं गाव आहे आणि डांबरी रस्ता थेट गडाच्या आत जातो. हा रस्ता जिथून आत शिरतो तिथं एकेकाळी चार दरवाजा होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गडाच्या शिबंदीच्या, बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. तुमची गाडी विनासायास आत जाते ती या पाडापाडीमुळे, हे वर पोचल्यावर लक्षात असू द्या. कोल्हापूरपासून अंतर वीसेक किलोमीटर, घाट छोटा, वर खाण्यापिण्याची आणि मुक्कामाची सोय. पहिल्या खेपेला यापेक्षा सोयीचा किल्ला मला तरी माहीत नाही.

## २. कागदपत्रं: नव्या आणि जुन्या गाडीचे घोळ वेगवेगळे

सोबत ठेवायची यादी:

- आरसी (नोंदणी प्रमाणपत्र)
- विमा पॉलिसी
- पीयूसी
- चालवणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स
- चालू स्थितीतला फास्टॅग, खात्यात पुरेसे पैसे
- सेकंड हँड गाडी अजून नावावर व्हायची असेल तर हस्तांतराच्या अर्जाची पावती आणि फॉर्म २९, ३० च्या प्रती

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं कायद्यानं चालतात. पण नेटवर्क नेमकं हवं तेव्हा दगा देतं, म्हणून आरसीचं कार्ड आणि पॉलिसीची छापील प्रत डॅशबोर्डच्या खणात असलेली बरी.

गाडी कोरी असेल तर. नंबर मिळाल्याशिवाय आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसल्याशिवाय बाहेरगावी निघू नका. 'नंबर आला नाही अजून' म्हणून कागदावर काहीतरी छापून काचेला चिकटवणं ही नोंदणी नव्हे. तात्पुरती नोंदणी केली असेल तर तिचा कागद आणि मुदत दोन्ही तपासा. नोंदणीपासून पहिलं वर्षभर पीयूसी लागत नाही. आणि पूजेचा झेंडूचा हार प्रवासाला निघताना काढा. तो नंबरप्लेटवर लोंबत असेल तर दंडाला निमंत्रण, आणि जाळीवर दाट बसला असेल तर घाटात इंजिनाला हवा कमी.

गाडी सेकंड हँड असेल तर. इथं लोक फार निष्काळजी असतात. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप तुमच्याकडे येतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण तसं येत नाही. त्यासाठी खरेदीपासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. ते न करता घाटात बंपर कठड्याला लागला, तर कंपनी सरळ हात वर करते. 'नो क्लेम बोनस'ही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आधीच्या मालकाचाच असतो, तो गाडीबरोबर मिळत नाही. आरटीओतल्या नोंदीसाठी तुम्हाला तीस दिवस असतात. गाडीवर कर्ज होतं असं आरसीवर दिसत असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा) घेतल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं समजू नका. जुनी थकलेली ई-चलनंही ऑनलाइन बघून घ्या. नाक्यावर अडवल्यावर 'तेव्हा गाडी माझी नव्हती' हे समजावत बसणं फार कंटाळवाणं काम आहे.

फास्टॅग. जुन्या मालकाचा टॅग काचेवर असेल तर टोलचे पैसे त्याच्या खात्यातून जात राहतात. एक दिवस तो वैतागून टॅग बंद करतो आणि तुम्ही भर रांगेत अडकता. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलवर चालू टॅग नसेल तर यूपीआयनं सव्वापट भरावे लागतात. म्हणून जुना टॅग बंद करायला लावून आपला घ्या. पुण्याहून येताना खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे टोल लागतात. वारंवार जाणार असाल तर वार्षिक पास (दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते) परवडतो. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही. कोऱ्या गाडीवाल्यांनी आणखी एक पाहावं. टॅग फक्त चेसिस नंबरवर निघालेला असेल तर त्यावर हा पास मिळत नाही. आधी बँकेकडे गाडीचा नंबर नोंदवा.

## ३. गाडी तपासा, आणि स्टेपनी विसरू नका

कोऱ्या गाडीला फारसं काही पाहावं लागत नाही. पहिल्या हजारेक किलोमीटरपर्यंत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी पिदडू नका आणि महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगात ठेवू नका, एवढं पाळा. तुमच्या गाडीचं नेमकं पथ्य मॅन्युअलमध्ये असतं. एकदा तरी उघडा ते.

सेकंड हँड गाडीची तपासणी मात्र ओळखीच्या मेकॅनिककडून, निघायच्या आधी आठवडाभर करून घ्या. आदल्या दिवशी दोष सापडला तर सुट्टा भाग मिळेपर्यंत बेत फसतो. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी, वायपर आणि टायर पाहायला सांगा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी मिसळलेलं ऑइल उतारावर तापलं की लवकर उकळतं. ते शेवटचं कधी बदललं हे आधीच्या मालकाला सांगता आलं नाही, तर सरळ बदलून टाका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर टायर बदलायलाच हवा.

हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. सकाळी टायर थंड असताना भरा.

डिकीत असायला हवं:

- हवा भरलेली स्टेपनी, जॅक, पाना
- अलॉय व्हीलला लॉक नट असेल तर त्याची चावी (सेकंड हँड गाडीत हीच हमखास हरवलेली असते)
- टो हुक, धोक्याचा त्रिकोण, टॉर्च
- चाकाखाली लावायला लाकडी ओंडका
- पाणी, जुनं फडकं, काचेची वाफ पुसायला कोरडा टॉवेल

जॅक कुठं लावायचा ते घरच्या अंगणात एकदा करून पाहा. अंधारात, पावसात, मागं बसलेल्यांच्या सूचना ऐकत शिकायची ती गोष्ट नव्हे.

## ४. घाटाआधी तालीम

गाडीची रुंदी आणि क्लच हाताला नि पायाला कळल्याशिवाय घाटात जाऊ नका. मोकळ्या चढावर गाडी पूर्ण थांबवा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडत गाडी ओढ घेतेय असं जाणवलं की हँडब्रेक सोडा. गाडी वीतभरही मागं न सरकता निघेपर्यंत हेच करत राहा. पन्हाळ्याच्या चढावर पुढं एसटी थांबली आणि मागं कुणी अगदी चिकटून उभा राहिला, की हीच तालीम उपयोगी पडते.

एएमटी (क्लचचं पॅडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीवाल्यांसाठी खास: चढावर गाडी रोखायला ॲक्सिलरेटर अर्धवट दाबून ठेवू नका, क्लच तापतो. ब्रेकच वापरा.

## ५. दिवस निवडताना दोन गोष्टी बाहेरच्यांना माहीत नसतात

एक, पन्हाळ्याची आणि जोतिबाची वाट बराच भाग एकच आहे, आणि जोतिबाचा वार रविवार. म्हणजे रविवारी तुम्हाला पर्यटकांची आणि भाविकांची अशी दुहेरी गर्दी भेटते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेच्या आसपास तर या रस्त्याला नव्या गाडीनं फिरकूच नका.

दोन, आषाढ पौर्णिमेच्या सुमाराला पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती मोहिमा निघतात. १६६० साली आषाढ पौर्णिमेच्या रात्री, १२-१३ जुलैला, शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले त्याची ती आठवण. चालत जायचं असेल तर त्यासारखा दुसरा अनुभव नाही, गाडीनं जायचं असेल तर तो दिवस टाळा.

पावसाळ्यात पन्हाळा सुंदर असतो हे खरंच. पण धुकं इतकं दाटतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. शिवाय जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता आणि गाड्यांची वाट बंद झाली होती. जोरदार पावसाच्या आठवड्यात निघायच्या आधी वर मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारा. माझं मत विचाराल तर पहिली फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कामाच्या दिवशी, सकाळी नऊच्या आत गडावर पोचेल अशी आखा.

## ६. कोल्हापूर ते वाघबीळ

कोल्हापुरातच इंधन भरा आणि रत्नागिरी रस्त्याला लागा. केर्लीच्या पुढं वाघबीळ येतं, तिथून पन्हाळ्याचा फाटा आहे. मोबाइलचा नकाशा अधूनमधून 'चार मिनिटं वाचतील' म्हणून एखादा आतला रस्ता सुचवतो. मानू नका. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीसमोर अरुंद रस्त्यावर रिव्हर्स घेण्यात चाळीस मिनिटं जातात. हंगामात मुख्य रस्त्यावरही या ट्रॉल्या भेटतातच. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवे नसतात, म्हणून संध्याकाळनंतर वेग आवरा.

## ७. चढताना

चढणाऱ्या गाडीला वाट देणं हा घाटाचा नियम आहे, नुसता शिष्टाचार नाही. रस्ता अरुंद असेल तिथं उतरणाऱ्यानं थांबायचं. पण समोरच्याला तो ठाऊक असेलच असं धरून चालू नका.

वळणाआधी गिअर उतरवा, वळणात नको. इंजिन धडधडायला लागलं म्हणजे गिअर मोठा आहे. वळणावर हॉर्न, आपली बाजू, आणि ओव्हरटेक अजिबात नाही. धुकं असेल तर लो बीम आणि फॉग लाइट लावा. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवायची जी पद्धत पडलीय ती चुकीची आहे, तुम्ही वळताय की थांबलाय हेच मागच्याला कळत नाही.

मागं बसलेल्या कुणाला गाडी लागत असेल तर त्याला पुढं बसवा. नव्या सीट कव्हरची काळजी असेल तर नक्कीच.

## ८. नाका आणि पार्किंग

गडावर शिरताना नगरपरिषदेचा कर भरावा लागतो. पावती परत निघेपर्यंत जपा. तिथंच बाजीप्रभूंचा पुतळा दिसतो आणि गाड्या आपोआप मंदावतात. फोटोसाठी मधेच थांबू नका, गाडी नेमून दिलेल्या जागी लावून चालत या.

उतारावर गाडी लावताना तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, हँडब्रेक, आणि चाकाखाली ओंडका. निघताना तो काढायची आठवण राहावी म्हणून एखादी वस्तू स्टिअरिंगवर ठेवून द्या. माकडं दिसली तर खिडक्या पूर्ण बंद, खाणं डिकीत. वायपरचं आणि दारांचं रबर त्यांना फार आवडतं.

## ९. गड पाहताना गाडी किती वापरायची

गडाचा घेर सात किलोमीटरहून जास्त आहे, त्यामुळे सगळं चालत होईलच असं नाही. पण प्रत्येक बुरुजापाशी गाडी नेऊन, दोन मिनिटं उतरून, फोटो काढून पुढं, असा पन्हाळा पाहिला तर तो वेढा सोसलेला लष्करी किल्ला आहे हे कळतच नाही, हिलस्टेशन वाटतं. माझा सल्ला असा की गाडी दोनदाच हलवा. एकदा गावाच्या, अंबरखान्याच्या आणि सज्जा कोठीच्या बाजूसाठी, एकदा तीन दरवाजाच्या बाजूसाठी. मधलं सगळं पायी.

अंबरखान्यापासून सुरुवात करा. गंगा, यमुना, सरस्वती ही तीन धान्यकोठारं. लोक बाहेरून बघून जातात, तुम्ही आत जा. भिंतींची जाडी, वरून धान्य ओतायच्या जागा बघा. १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरचा वेढा गडानं सोसला, त्यामागं तलवारीइतकीच ही कोठारं होती. याच वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आले होते आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी ती वखार लुटून हिशेब चुकता केला.

सज्जा कोठी पूर्वेच्या कड्यावर आहे. इथून खालचं खोरं पाहिलं की टेहळणी म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही. संभाजीराजांचा मुक्काम इथं होता असं सांगतात. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यावरच झाला, त्यांच्या नावाचं ग्रंथालयही गडावर आहे. वाचणारं कुणी सोबत असेल तर तिथं दहा मिनिटं द्या.

तीन दरवाजा आणि अंधार बाव मात्र घाई न करता पाहा. तीन दरवाजात एकामागून एक येणारी दारं आणि मधला चौक आहे. पहिलं दार फोडून आत आलेला शत्रू त्या चौकात कोंडला जावा, हा त्यामागचा डाव. जवळची अंधार बाव वरून साधी इमारत वाटते, आत तीन मजले आहेत. खाली पाणी, वर पहारा, आणि बाहेर पडायची चोरवाट. पाणी शत्रूच्या हाती लागलं तर किल्ला संपला, म्हणून विहिरीचाच छोटा किल्ला केलेला. लहान मुलांचा हात इथं सोडू नका, पायऱ्या काळोख्या आणि निसरड्या आहेत.

वेळ उरला तर राजदिंडी बघा. महाराज वेढ्यातून याच वाटेनं बाहेर पडले असं मानतात. तिथं उभं राहून विशाळगडाच्या दिशेला पाहिलं, की भर पावसात, रात्री, त्या रानातून केलेली वाटचाल काय असेल याचा थोडा अंदाज येतो. झुणका-भाकर त्यानंतर खा, जास्त गोड लागते.

भिंतीवर नाव कोरणाऱ्याला अडवा. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

## १०. उतरताना, आणि हे नीट वाचा

नवखे चढाला घाबरतात आणि उताराला निर्धास्त असतात. खरा धोका उलटा आहे.

गाडी न्यूट्रल करून उतरवू नका. चावी बंद करून तर कधीच नाही. पेट्रोल वाचतं हा गैरसमज आहे, इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळपास बंदच होतो. इंजिन बंद केलं तर पॉवर ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग जड होतात, आणि तेही नेमके वळणावर.

ज्या गिअरनं चढलात साधारण त्याच गिअरनं उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ऑटोमॅटिकला 'एल' किंवा मॅन्युअल मोड असतो तो वापरा. ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवण्यापेक्षा वळणाआधी ठाम दाबा आणि सोडा. जळका वास आला किंवा पॅडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं, तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि ब्रेक निवू द्या. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर वर मुक्कामाला बॅटरी शंभर टक्के भरून निघू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावर तयार होणारी वीज साठवायला जागा नसते, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी धरून ठेवणारी ती ओढच मिळत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर पडतो.

सूर्य मावळायच्या आत घाट उतरून वाघबिळाला आलात तर उत्तम.

## ११. घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी खाली वाकून ऑइलचा किंवा कूलंटचा डाग पडलाय का ते बघा. टायरमध्ये खडे अडकले असतील तर काढा, हवा पुन्हा तपासा. फास्टॅगच्या कपाती मोबाइलवर जुळवून पाहा, एकाच टोलला दोनदा पैसे गेले असतील तर बँकेकडे लगेच तक्रार नोंदवा. सेकंड हँड गाडीत घाटात जो काही आवाज ऐकू आला असेल, तो कोणत्या गिअरला, चढावर की उतारावर, ब्रेक दाबल्यावर की वळताना, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मेकॅनिकला 'काहीतरी वाजतंय' सांगण्यापेक्षा हे सांगितलं तर निम्मं काम तिथंच होतं.